बिनदमाचं विरजण

वेल्ह्याच्या बाजूला माणसं तोरणा चढायला जातात. मी एक मडकं बघायला गेले. या वयात, या गुडघ्यांनिशी गड चढले असते तर सगळ्यांनी कौतुक केलं असतं. मडकं बघून आले म्हटल्यावर भिशीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मला आणखी एक वडा वाढला. म्हणून हे लिहून ठेवतेय. नाहीतर म्हातारीचं जरा सुटलंय, एवढंच गावभर व्हायचं.

मडकं सोनाबाईचं. ती विंझरची, माहेर मात्र किकवीचं, आणि किकवीच्या शाळेत ती माझी विद्यार्थिनी. मी तेव्हा नुकती बीएस्सी होऊन पुण्याहून तिथे विज्ञान शिकवायला गेले होते. कडक इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ, पिशवीत घरून उकळून नेलेल्या पाण्याची बाटली, आणि चेहऱ्यावर असा भाव, की विज्ञान आधी मला कळलं आणि मग उरलेलं जगात वाटलं गेलं. आज ती पोरगी, म्हणजे तेव्हाची मी, माझ्या समोर आली तर मी रस्ता बदलेन. फळ्यावर ती पेशी काढायची, आणि पेशीतली तंतुकणिका तिच्या हातून हमखास चपलेच्या तळव्यासारखी यायची. "ही पेशीची चूल! इथे ऑक्सिजन वापरून अन्नाची ऊर्जा होते!" असं ती छडी आपटून सांगायची. मुली मान खाली घालून तो तळवा वहीत उतरवून घ्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी सोनाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्यात आली आणि आमच्याकडे उतरली. येताना बाटलीत आंबिलीचं विरजण. "पुन्याचं पानी मला मानवत न्हाई, बाई. आंबील असली की प्वाट जाग्यावर ऱ्हातं." ज्यांनी आंबील कधी प्यायली नाही त्यांच्यासाठी सांगते: नाचणीचं पीठ पाण्यात कालवायचं, मडक्यात कालचं आंबलेलं थोडं असतं त्यात ओतायचं, आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी ते शिजवून, ताक, मीठ, ठेचलेला लसूण घालून प्यायचं. पण शिजवण्याआधी उद्यासाठी तळाला थोडं राखायचं. हे राखणं सोनाबाईच्या घरात तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं.

त्या बाटलीवर माझ्या नातीची नजर गेली. मुक्ता यीस्टवर पीएचडी करते. आमच्या वेळी त्याला किण्व म्हणायचे; त्यामुळे ते कुणालाच कळायचं नाही आणि शिक्षकाची अब्रू झाकली जायची. मुक्ताने चमचाभर विरजण प्रयोगशाळेत नेलं आणि महिन्याभराने उड्या मारत घरी आली. त्यात एक यीस्ट असं निघालं होतं, की बशीत वाढवलं तर बाकीच्यांचे ठिपके तिळाएवढे आणि याचे खसखशीएवढे. बुटकं. कारण त्याला श्वसनच करता येत नव्हतं.

ते काय असतं, हे मला तिने जेवता जेवता समजावलं. यीस्टला दोन तऱ्हांनी जगता येतं. एक म्हणजे हवा घेऊन, तंतुकणिकेत रीतसर श्वसन करून. दुसरं म्हणजे साखर नुसती आंबवायची आणि पडेल त्या चार घासांवर भागवायचं. श्वसनाच्या अगदी शेवटच्या पायरीला एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, पुष्कळ तुकडे एकमेकांत बसवून झालेलं. त्यातल्या एका तुकड्याची कृती कॉक्स-फोर नावाच्या जनुकात लिहिलेली असते. मुक्ताच्या बुटक्यात त्या जनुकाचं एक अक्षर बदललेलं होतं, तुकडा तयार होत नव्हता, आणि एका तुकड्यावाचून सगळं विकर आडवं.

"म्हणजे जात्याचा खुंटा," मी म्हटलं. "दोन्ही दगड शाबूत, पण खुंटाच नाही तर फिरवणार कशाला धरून?"

"आजी, अगदी तसंच नाहीये." मग भात कालवता कालवता म्हणाली, "पण चालेल."

पुढे दोन वर्षं ती त्या बुटक्याच्या मागे होती. आणि या फाल्गुनात तिच्या मार्गदर्शक बाईंनी साधा प्रश्न विचारला. बशीत लाडात वाढलेलं यीस्टही कधीकधी असं बिघडतं. मग हे मडक्यात होतं, की तुझ्या बशीत बिघडलं? मडक्यातलं असेल तर सांगण्यासारखं काही आहे: श्वास न घेता पिढ्यान्‌पिढ्या एका घरात तगून राहिलेलं यीस्ट. बशीत बिघडलेलं असेल तर दोन वर्षं पाण्यात. त्याच मडक्यातलं ताजं विरजण आण, नाहीतर विषय बदल.

मूळ बाटली? ती मी केव्हाच धुऊन तिच्यात फिनेल भरलं होतं. मुक्ता माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी सोनाबाईला फोन केला, की आम्ही येतोय, मडकं बघायला.

विंझर

एसटीतून उतरलो तेव्हा डोंगराच्या पोटाला ठिकठिकाणी धूर निघत होता. पावसाळ्यात रोपं टाकायची त्या तुकड्यावर पालापाचोळा पसरून तो जाळतात, त्याला राब म्हणतात. पहिल्या वर्षी मी ते पाहून किकवीत आग लागली म्हणून ओरडत शाळेबाहेर आले होते. सगळी शाळा माझ्यामागे बाहेर आली. तेवढाच त्यांना सुट्टीचा आनंद.

सोनाबाई अंगणातच उभी होती. डोळे आता लखलखीत. माझ्या पाया पडली, मुक्ताच्या गालावरून बोटं मोडली आणि आम्हाला पाणीही न देता हाताला धरून तुळशीकडे घेऊन गेली. तिथे उन्हात एक मडकं पालथं घातलेलं. नव्या नवरीसारखं तांबूस, तुकतुकीत.

"बाई, बगा तरी! वळखू येतंय का?"

मला ओळखू येण्याचं कारण नव्हतं. मुक्ताला मात्र आलं. तिचा चेहरा असा उतरला की मी तिचा दंड धरला.

"राखंनं घासलं, कढत पान्यानं खळखळून इसळलं, अन दोन दिस उन्हात तापिवलं," सोनाबाई म्हणाली. "लई काळंबेंद्रं झालतं."

"आणि आतलं?" मुक्ता.

"आतलं म्हशीला घातलं की."

मुक्ता तुळशीच्या कट्ट्यावर बसली. सोनाबाई गोंधळली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आवं, तुमीच न्हाई का शिकवलं? आंबूस वासाचं भांडं म्हंजी जंतूंचं घर. राख अन कढत पानी. येवड्या वर्सांनी बाई माज्या दारात यायच्या, अन म्या काय तसलं मडकं म्होरं ठिवू?"

मुक्ताने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आता मला सांगा. चार वर्षं त्या शाळेत शिकवलं. तंतुकणिका गेली, प्रकाशसंश्लेषण गेलं, तरफेचे प्रकार गेले. एकीच्याही डोक्यात काही राहिलं नाही. राहिलं ते एवढंच, आणि तेही चाळीस-पन्नास वर्षं दबा धरून बसून नेमकं परवा बाहेर आलं! त्या इस्त्रीवाल्या पोरीच्या छडीत दम होता, हे मान्य करायला हवं.

सोनाबाईने नवीन विरजण लावायची तयारी दाखवली. चार दिवसांत आपसूक आंबतं म्हणाली. पण आपसूक येणारं यीस्ट म्हणजे वाटसरू. मुक्ताला हवं होतं ते या घरचं. जेवायला बसलो. हुलग्याचं माडगं इतकं फक्कड झालं होतं की मी दोनदा घेतलं, आणि मुक्ता चमच्याने त्यात नुसते रस्ते काढत होती. ते बघून सोनाबाईच्याने राहवेना.

"मंदीकडं हाय," ती ताटात बघत म्हणाली. "लेक सासरी निगाली की तिच्या शिदोरीत वाटीभर विरजण घालतो आमी. मंदीला म्या दिलतं. हिर्डोशीला. आठ वर्सं झाली, तिकडं चालूच हाय."

मुक्ता ताटावरून उठायला निघाली.

"बस, पोरी. आदी ऐक." सोनाबाईने आवाज खाली आणला, जणू हिर्डोशीला ऐकू जाईल. "जावा, घ्या. पन माजं विरजण मोडलं ह्ये तिकडं बोलू नगा. इहीनबाईला कळलं तर ती दवंडी पिटंल. मानपानाच्या लुगड्याचा रंग अजून काढती ती. अन म्या काय लेकीच्या घरात विरजण मागाया जानार न्हाई. आईनं द्यायचं असतं, घ्यायचं नसतं."

मी शब्द दिला. खोटं बोलायचं काम असलं की माझा शब्द पक्का असतो.

भोर आणि पुढे

भोरला पोचेपर्यंत हिर्डोशीकडची एसटी गेली होती. पुढची केव्हा, या प्रश्नाला स्टँडावरच्या माणसाने आकाशाकडे पाहून उत्तर दिलं. तेव्हा आम्ही सलीमभाईंची सीटं भरून नेणारी वडाप जीप धरली. सलीमभाई भोरचेच, साठीला आलेले, आणि बोलणं असं की गाडी बंद पडली तरी प्रवास चालूच राहावा. ती बंद पडलीच, पण ते पुढे.

"आजी, तुमी म्होरं बसा. मागं कोंबड्या हायेत."

कोंबड्यांपैकी एक मुक्ताच्या निर्जंतुक नळ्यांच्या खोक्यावर जाऊन बसली. मुक्ता तिला हुसकत होती, कोंबडी तिच्याकडे एका डोळ्याने बघत होती. दोघीही हट्टी.

"मागं एक सायब आलते, दगडं घिऊन गेले," सलीमभाई म्हणाले. "त्याच्या आदी एक मॅडम फुलपाकरांचे फोटू काडायला. तुमी काय नेताय?"

"यीस्ट," मुक्ता म्हणाली आणि इमानदारीने सगळं सांगितलं. विकर, तुकडा, दम नसणं.

"आसं व्हय." सलीमभाईंनी गिअर बदलला, आवाज कोंबडीचा की गिअरचा ते कळलं नाही. "मंग ती माज्या जिपीच्या बिरादरीतली. चढ आला की मान टाकती. पन सपाटीला बगा तिचा रुबाब! सपाटीच दिली तर दम लागतोय कशाला?"

मुक्ताने कोंबडी हुसकायची सोडली. मग मला मागून म्हणाली, "आजी, मडक्यात रोज ताजं पीठ. त्याला चढ लागतच नाही." हे वाक्य पुढे तिने तिच्या मार्गदर्शक बाईंना स्वतःचं म्हणून सांगितलं. मी तिथे नव्हते, पण मला माहीत आहे, कारण मी असते तर मीही तेच केलं असतं.

धरणाचं पाणी उजव्या हाताला निळंशार पसरलेलं आणि खूप खाली गेलेलं. काठाला मातीच्या पायऱ्या पडलेल्या. काटेसावरीची लाल फुलं, पान एकही नाही. नेमकी तिथे जीप उसासा टाकून थांबली आणि नाकातून वाफ काढायला लागली. रेडिएटर कोरडा. खाली उतरून पाणी आणायचं तर दिवस मावळेल. मुक्ताच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या, प्रयोगशाळेत वाफेच्या दाबाखाली शुद्ध केलेलं पाणी, झाकणावर पट्टी, पट्टीवर तारीख. ती तोंड उघडायच्या आत मी दोन्ही रिकाम्या केल्या.

"आजी!"

"नळ्या आहेत ना तुझ्या? त्या नाही ओतल्या."

"लई साफ पानी हाय," सलीमभाई इंजिनाला कान लावून म्हणाले. "गाडीला सवय न्हाई. बादंल का तिला?"

किकवीला उकळलेल्या पाण्याची बाटली काखेत घेऊन हिंडणारी ती पोरगी मला आठवली. तिच्या पाण्याचा असा कुणाला उपयोग झाला नाही. ती ते स्वतःच प्यायची, आणि तरीही तिला कावीळ झालीच.

हिर्डोशी

मंदाचं घर रस्त्यापासून वरच्या अंगाला. पायवाट छोटी, पण उभी. मी दहा पावलं चालून एका दगडावर बसले आणि तोरणा सर केल्यासारख्या धापा टाकू लागले. मुक्ता शेजारी उभी.

"आजी, तुझ्या मांड्यांत आत्ता तेच विकर काम करतंय बरं का. तुकडे थोडे वेगळे, पण काम तेच."

"त्याला म्हणावं, जरा जोर लाव. पगार घेतंस ना?"

दारात पोचलो तेव्हा मंदाने नुकताच दिवा लावला होता. आईला पाहावं तसं तिने आम्हाला पाहिलं. तिच्या सासूबाई, पारूबाई, ओट्यावर सुपात नाचणी पाखडत होत्या. बारीक अंगाच्या, नजर सुईसारखी. मी विंझरहून निघतानाच मनात खोटं रचून ठेवलं होतं, आणि ते फार सुबक होतं. मी सांगितलं, की सोनाबाईचं विरजण घेतलंय, आता त्याच्याशी ताडून बघायला तुमचं हवं. दोन्ही घरांचा मान सारखा. पारूबाई मानेनं होकार देत होत्या. आणि तेवढ्यात माझी सत्यवचनी नात म्हणाली, "म्हणजे खरं तर त्यांचं धुतलं गेलं."

सूप थांबलं.

"धुतलं?" पारूबाई म्हणाल्या. "इहीनबाईंनी? मडकं?" त्यांच्या तोंडावर हळूहळू असा उजेड पसरला, की मंदाने लावलेला दिवा फिका पडावा. "आगं मंदे, ऐकलं का? तुज्या आयनं मडकं धुतलं!"

मंदाने तोंडाला पदर लावला. हसत होती की लाजत होती, सांगता येणार नाही. पण खांदे हलत होते.

"दिऊ की, विरजण दिऊ. आमच्याकडं हाय. आमी जपलंय," पारूबाई म्हणाल्या. "पन आता न्हाई. दिवा लागला. दिवंलागनीनंतर विरजण घराभाईर जात न्हाई. त्याच्या मागनं लक्षुमी जाती."

मुक्ता म्हणाली, "अहो, पण त्यात तसं काही शास्त्रीय..." आणि मी तिला चिमटा काढला. चांगला पीळ देऊन. कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. किकवीत एका संध्याकाळी शेजारणीने मला दह्याचं विरजण नाकारलं, तेव्हा मी तिच्या दारात उभं राहून अर्धा तास जिवाणूंवर व्याख्यान दिलं होतं. जिवाणूंना दिवस-रात्र कळत नाही, हे मी सिद्ध केलं. त्यानंतर बदली होईपर्यंत मला त्या आळीत भर दुपारीसुद्धा कुणी दही दिलं नाही.

"सकाळी नेऊ," मी म्हटलं. "आज तुमच्याकडे मुक्काम. जेवायला काय आहे?"

सुकट होती, नाचणीची भाकरी होती आणि मिरचीचा ठेचा होता, ज्याने माझ्या तोंडातल्या उरलेल्या दातांची हजेरी घेतली. पारूबाईंना आता या विरजणात काय आहे ते जाणून घ्यायचं होतं. मुक्ताने पुन्हा सांगितलं. सलीमभाईंच्या जिपीसकट.

"म्हंजी त्यात खोट हाय म्हना की," पारूबाई म्हणाल्या.

"हो. म्हणजे असली तर. विंझरच्या जुन्या बाटलीत मला दिसली होती. पण ती माझ्याकडेच तयार झाली असेल, तर तुमच्याकडे काहीच सापडणार नाही. मग माझं सगळं काम फुकट." तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

पारूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पोरीबद्दल त्यांना वाईट वाटत होतं, हे स्पष्ट दिसत होतं. पण घराण्याचा प्रश्न होता. "बाय, तुजं काम व्हावं. पन आमच्या घरात खोट न्हाई. निगालीच, तर ती माहेरनं आलेली असनार. ह्ये आदीच सांगून ठिवते."

चुलीपाशी मंदाने तवा जरा जोरात ठेवला. "आत्याबाई, भाकरी वाडू का आजून?" आवाज गोड, तवा नव्हे.

सकाळी उजाडताच पारूबाईंनी मडकं स्वतः पुढ्यात घेतलं. अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन, मुक्ताच्या एकेका नळीत पळीने विरजण असं घातलं, जसं तीर्थ द्यावं. मुक्ताने हातमोजे घातले होते, ते पाहून पारूबाईंनी मला हळूच विचारलं, "पोरीच्या हाताला काय झालंय?" मग त्यांनी एक मोठी बाटली भरून माझ्या हातात दिली.

"ही इहीनबाईंना. म्हनावं, हिर्डोशीचं हाय. जपून ठिवा. अन धुऊ नगा."

परत विंझर

निरोप पोचवायची मला केवढी घाई! वाटेत मी तो तीनदा घोकला. पण सोनाबाईने बाटली पाहिली आणि पाठ फिरवली. "लेकीच्या घरचं म्या घेत न्हाई, बाई. सांगितलं न्हवतं?" आणि कोनाड्याकडे बघत राहिली. तिथे ते धुतलेलं मडकं रिकामं बसलं होतं. तिच्या सासूच्या सासूपासूनचं विरजण, आणि ते तिच्या हातून मोडलं. काल ती हसत होती ते आमच्या तोंडावर, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग मी पारूबाईंचा निरोप गिळला. माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल, कल्पना करा.

"लेकीच्या घरचं कुठलं, सोने? तू दिलेलंच आहे. आठ वर्षं सासरी नांदलं, आता माहेरपणाला आलंय. दारातून परत लावणार आहेस का?"

सोनाबाई थांबली. बाटलीचं झाकण काढून वास घेतला. पुन्हा घेतला. डोळे पुसले, आणि ऑपरेशनमुळं पानी येतंय म्हणाली. मग मडकं उतरवलं, बाटली त्यात उपडी केली आणि वर नाचणीचं पीठ कालवून ओतलं. "ऱ्हा बया," ती मडक्याला म्हणाली, "आता कुटं जाऊ नगंस."

पुण्यात आल्यावर बरेच दिवस मुक्ता घरी जेवायला आली नाही. तिने ते यीस्ट बशांमध्ये पसरलं होतं. काही बशांमध्ये साखर. काहींत ग्लिसरॉल, ज्यावर जगायचं तर श्वसन आलंच पाहिजे, आंबवून भागत नाही. फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

"आजी, बुटके आले." "साखरेवर खसखशीएवढे. ग्लिसरॉलवर एकही उगवला नाही. जनुकही वाचून पाहिलं. तेच अक्षर बदललंय, त्याच जागेवर. माझ्या बशीत नाही झालं, आजी. मंदाच्या लग्नाआधीपासून ते सोनाबाईंच्या मडक्यातच होतं." एवढं बोलून ती रडायला लागली आणि मी कुकर करपवला.

तिचं रडणं थांबल्यावर मी पहिला फोन हिर्डोशीला लावला. पारूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरीचं काम झालं न्हवं? ब्येस झालं. अन म्या काय म्हनलं हुतं? माहेरनंच आली खोट. सांगा इहीनबाईंना. माजं नाव घिऊन सांगा."

मी सांगितलं. नाव घेऊन, आवाज काढून. विंझरच्या बाजूने आधी म्हैस ओरडली.

"असंल," सोनाबाई म्हणाली. "असंल खोट. पन आठ वर्सं त्यांच्या घरात नांदलं न्हवं? त्यांनी रोज दोन वाट्या पिली अन एक दिस कळलं न्हाई. ह्ये सांगा तिला, बाई."

मी लगेच हिर्डोशीला पुन्हा फोन लावला. असली कामं मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही.